तुरिनला निघालेली अकरा भेंडोळी

जूनमध्ये आमच्याकडे रंग वाळत नाहीत. हवा इतकी ओली असते की खडू फळ्यावर घसरतो आणि वह्यांची पानं मऊ पडतात. म्हणून त्या शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटताना, मी चौथीच्या मुलांना बजावलं होतं की जाड रंगाची चित्रं आज घरी न्यायची नाहीत, सोमवारी न्या. पण मुलंच ती. माझी पाठ वळली आणि दहाबारा जणांनी चित्रं गुंडाळून दप्तराला बांधलीसुद्धा. थोड्या वेळाने सुएको नावाची मुलगी दारातून परत आली.

"बाई, उघडतच नाही."

तिने रंगाची बाजू आत ठेवून चित्र गुंडाळलं होतं. तिच्या घरी आजोबांची लटकवायची चित्रं तशीच गुंडाळतात, माझ्या घरीही तशीच. चित्र आत, कोरी बाजू बाहेर. मी कडेने हलक्या हाताने उघडायला गेले, तर निळा रंग लाल रंगाला चिकटून उपटला आणि समुद्राच्या जागी पांढरं भोक पडलं. सुएको रडली नाही. तिने शांतपणे विचारलं, "मग कसं गुंडाळायचं होतं?"

तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि माझी नजर घड्याळाकडे गेली. कारण अगदी याच पद्धतीने गुंडाळलेली अकरा मोठी चित्रं त्या क्षणी कोबेच्या बंदरावर एका पेटीत पडली होती. दुपारी चार वाजता कस्टमचा माणूस त्या पेटीला सील लावणार होता आणि संध्याकाळी ती इटलीच्या बोटीत चढणार होती. त्या अकरातलं एक चित्र माझं होतं, आणि सगळी अकरा माझ्या वडिलांनी गुंडाळली होती.

आमची चौदा चित्रकारांची मंडळी होती. कोबेजवळ निशिनोमियात आमचे गुरू कुमागाए सर यांच्या घराण्याची साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळण्याची जुनी कोठारं होती. महायुद्धात त्यांतली बरीच जळली, एक उरलं, आणि त्या रिकाम्या कोठारात आम्ही चित्रं काढत असू. कोणी दोराला लोंबकळून पायाने रंग फासे, कोणी कॅनव्हासवर खडी चिकटवी. मी कोरोएनच्या किनाऱ्यावरची वाळू तेलरंगात कालवून थापत असे. सरांचा नियम एकच होता. दुसऱ्या कोणी केलेलं त्यांना दाखवायचं नाही. ते चित्रासमोर उभे राहत, "पाहिलंय" म्हणत आणि पाठ फिरवत. त्या एका शब्दापायी मी दोन वर्षांची कामं चुलीत घातली आहेत.

तोक्योत आम्हाला कोणी विचारत नव्हतं. मग सरांनी एक पातळ पुस्तिका छापली. तिच्यात आमच्या चित्रांचे फोटो आम्ही खळीने हाताने चिकटवले, आणि परदेशी मासिकांतून जे जे पत्ते मिळाले त्यांवर सरांनी ती पोस्टाने धाडली. तिची एक प्रत इटलीत तुरिनला एत्तोरे बाझ्झानी नावाच्या समीक्षकाच्या हाती पडली. मागच्या शरदात तो एक लहानशी बॅग घेऊन स्वतः आला, आणि तीन दिवस कोठारात उकिडवा बसून चित्रं पाहत राहिला. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. आमच्यातल्या त्सुरुमीला फ्रेंच येत असे, त्यावर काम भागलं. माझ्या चित्रासमोर त्याने बोटाने वाळू चाचपली आणि बोटाचा वास घेतला. जाताना त्याने अकरा चित्रं निवडली. सप्टेंबरात प्रदर्शन ठरलं. त्याने लिहिलं होतं की चौकटी पाठवू नका, कॅनव्हास सोडवून गुंडाळून पाठवा, इथे आम्ही पुन्हा ताणून बसवू. त्यासाठी हीच बोट गाठायला हवी होती. पुढची महिन्याने होती, ती प्रदर्शनाला उशिरा पडली असती.

गुंडाळायचं कोणी, असा प्रश्न आला तेव्हा त्सुरुमीचं म्हणणं होतं की ओसाकात परदेशी लोकांचं सामान बांधणारा एक माणूस आहे, त्याला द्यावं. मी म्हटलं, माझ्या वडिलांना द्या.

माझे वडील यासाबुरो निशिवाकी चित्रं मढवण्याचं काम करत. रेशमावरच्या, कागदावरच्या चित्रांना मागून कागद लावायचा, कडा बांधायच्या, दांडी बसवायची, गुंडाळून पेटीत ठेवायचं. पंचेचाळीस वर्षं हेच केलं. लढाईनंतर जी घरं उभी राहिली त्यांच्या बैठकीत चित्र लावायचा कोनाडाच नसे. काम आटलं आणि बाबा सरकत्या दारांचे फाटके कागद बदलू लागले. आम्हाला ते "पायाने रंगवणारी मंडळी" म्हणत. मी विचारलं तेव्हा दोन दिवस ते दारांचे कागदच लावत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्यांनी सगळे ब्रश धुऊन ओळीने वाळत ठेवले होते.

तीन दिवस ते कोठारात राबले. प्रत्येक चित्रावर पातळ हातकागद घातला, पाउलोनियाच्या हलक्या लाकडाची दांडी धरली आणि एकही सुरकुती न पडू देता गुंडाळलं. नेहमी काही ना काही खुसपट काढणाऱ्या त्सुरुमीलाही काही सापडलं नाही. शेवटी बाबांनी पेटीच्या झाकणावर आतून शाईने लिहिलं, "गुंडाळणारा, यासाबुरो निशिवाकी." त्यांना स्वतःचं नाव लिहिताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आम्ही चौदा जण तिथे होतो आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. परदेशी रंग, परदेशी कॅनव्हास, जगात कोणी केलं नाही ते करायचं, हे सगळं ठीक. पण गुंडाळायचं तर चित्र आतल्या बाजूला ठेवून, हे आमच्या हातांना आम्ही शिकण्याआधीपासून माहीत होतं. भाताची वाटी कोणत्या हातात धरायची हे कोणी विचारत नाही, तसंच ते.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. शाळेच्या कचेरीत टेलिफोन होता. पेटी सरांच्या नावाने गेली होती; ती उघडायची तर सहीऐवजी त्यांचा शिक्का लागणार, म्हणजे आधी सरांना कळवायला हवं. मी रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. सरांना आधी सांगितलं असतं तर बाबांना त्यांची चूक दुसऱ्याच्या तोंडून कळली असती. मी धावत घरी गेले. त्यात पंचवीस मिनिटं गेली, आणि ती पंचवीस मिनिटं त्या दिवशी मला पुढे फार महाग पडली.

बाबा ओट्यावर दाराची चौकट आडवी टाकून खळ लावत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.

"चित्र बाहेर ठेवून गुंडाळायचं? म्हणजे धूळ कोणी खायची, चित्राने?"

मी त्यांना मुलांना समजावते तसं समजावलं. शाई कागदात मुरते, तिला जाडी नसते. तेलरंग मात्र वर बसतो, सायीसारखा. आत वळवला तर तो दाबला जातो, सुरकुततो, एकमेकांना चिकटतो. बाहेर ठेवला तर फार तर ताणला जातो, आणि सरळ केला की पुन्हा जागेवर येतो. माझ्या चित्रातला रंग तर वरून वाळलेला आणि आतून अजून ओला आहे. त्यात बोट तांबड्या समुद्रातून जाणार. चाळीस दिवस भट्टीत ठेवल्यासारखं होईल.

"तुला हे आधी ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. तुम्ही गुंडाळताना मी समोर उभी होते, तरी दिसलं नाही."

त्यांनी खळीचं भांडं झाकलं, हात धुतले. मग रुंद ब्रश, चिमटे, बांबूची पातळ पाती आणि सुरी कापडात बांधली.

"गाडी किती वाजता आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

कोपऱ्यावरच्या तांदूळवाल्याच्या दुकानातून मी सरांना टेलिफोन केला. एका दमात सगळं सांगितलं. मग सर म्हणाले की ते शिक्का घेऊन थेट बंदरावर येतात. बाबांचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाबा आणि मी बंदरावरच्या गोदामात पोचलो तेव्हा दोन वाजायला वीस मिनिटं होती. सर त्सुरुमीला घेऊन आधीच आले होते. पत्र्याचं छप्पर तापलं होतं. जहाज कंपनीचा कारकून आशिझुका म्हणून होता, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला अतिशय नम्र. त्याने सरांचा शिक्का दोनदा निरखला, पेटी सोडवून दिली आणि सांगितलं की चारला म्हणजे चारला, कस्टमचे साहेब कोणासाठी थांबत नाहीत.

झाकण उघडलं. आतल्या बाजूला बाबांचं नाव होतं. बाबांनी भेंडोळ्यांना हातही लावला नाही. आधी कापडातून सुरी काढली, झाकण मांडीवर घेतलं आणि ती अक्षरं खरवडून काढली. लाकडाचा भुगा त्यांच्या गुडघ्यांवर पडत होता. आम्ही तिघं उभे होतो. शेवटचं अक्षर गेल्यावर त्यांनी झाकण बाजूला ठेवलं.

मग त्सुरुमीला राहवलं नाही. "ओसाकाच्या माणसाला दिलं असतं तर..."

"तूही तिथेच उभा होतास, त्सुरुमी," सर म्हणाले. "तीन दिवस. चहा पीत."

बाबांनी सांगितलं की कोणी काही ओढायचं नाही, ते म्हणतील तेव्हाच हात लावायचा. जमिनीवर ताडपत्री अंथरली. पहिलं भेंडोळं उघडताना बारीक करकर आवाज आला. पण ते पातळ रंगाचं होतं, कागद सुटून आला. दोन ठिकाणी केसाएवढी चीर होती, बस. पहिली सहा अशीच सुटली. ती पुन्हा गुंडाळायला जाड नळ्या हव्या होत्या. आशिझुकाने आतून मेणकापडाच्या गुंडाळ्यांतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणून दिल्या. त्सुरुमी आणि मी रंग बाहेर ठेवून गुंडाळू लागलो. इतकं उलटं वाटत होतं ते, जसा सदरा आतली बाजू बाहेर करून घालावा.

सातव्या चित्रापासून कागद चिकटलेला निघाला. बाबांनी तो ओढला नाही. ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, कागदाच्या पाठीवरून एकदाच फिरवला. मग थांबले. आम्हाला वाटलं ते विसरले की काय. सर घड्याळाकडे पाहत होते. बाबा कागदाकडे पाहत होते. कागद करडा झाला, मग पारदर्शक, आणि मग त्यांनी बोटाच्या पेराने एक कोपरा चोळला. कागद मातीसारखा वळला आणि खालचा रंग जसाच्या तसा दिसू लागला. जुन्या चित्रांच्या पाठीचे कागद ते आयुष्यभर असेच सोडवत आले होते. पाण्याने तेलरंगाला काही होत नव्हतं.

पण ते हळू होतं. एका चित्राला वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. तीन चित्रं सुटली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि ताडपत्रीच्या कडेला दोन भेंडोळी उरली होती. एक सरांचं, एक माझं. दोन्ही सगळ्यात जाड. बाबांनी दोन्हींची टोकं बोटभर उघडून पाहिली आणि सांगितलं की एकाला चाळीस मिनिटं लागतील. दोन्ही होणार नाहीत.

कोणाच्या तोंडाकडे पाहावं ते कळेना, म्हणून मी माझ्या भेंडोळ्याकडे पाहत राहिले. आठ महिने मी ते चित्र थापलं होतं. माझ्या नावाचं काही या देशाबाहेर जाणार असेल तर तेच होतं. त्सुरुमी खाली पाहत होता. सर भिंतीला टेकून उभे होते.

बाबांचा हात माझ्या भेंडोळ्याकडे गेला.

"बाबा, ते नको. सरांचं घ्या."

"तुझं जास्त चिकटलंय, फुमिए. आज राहिलं तर कागद रंगाला धरून बसेल."

"ठाऊक आहे."

सर भिंतीपासून सरळ झाले. "निशिवाकीसान, तुम्ही ज्याला आधी हात लावलात तेच करा. माझं पुढच्या वर्षी जाईल."

बाबा हलले नाहीत. मला समजलं की त्यांना मुलीचं चित्र वाचवायचं आहे, आणि ते वाचवलं तर उद्या सगळी मंडळी काय म्हणेल तेही त्यांना समजतंय. मढवणाऱ्याने आपल्या चुकीने सरांचं चित्र घालवलं आणि मुलीचं पाठवलं. आमच्यात तोंडावर कोणी काही बोलत नाही. पण दाराचे कागद बदलायलासुद्धा मग कोणी बोलावलं नसतं.

मी त्यांच्या जवळ बसले आणि हळू म्हटलं, "झाकणावर पुन्हा नाव लिहायचंय ना तुम्हाला?"

त्यांनी हात मागे घेतला. सरांचं भेंडोळं पुढे ओढलं.

त्यानंतरचा पाऊण तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. बाबांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो चित्रावर पडू नये म्हणून मी टॉवेल धरून बसले होते. सरांचं चित्र काळं होतं, डांबर आणि रंग, मध्ये एकच पांढरा फटकारा. कागद वळून निघत होता, वीतभर, मग आणखी वीतभर. पावणेचारला अर्धं झालं होतं. चारला पाच मिनिटं असताना दारात बूट वाजले. कस्टमचे साहेब आले होते.

बाबांनी वर पाहिलं नाही. तळहाताएवढा कागद अजून उरला होता.

तेव्हा चारला म्हणजे चारला म्हणणारा आशिझुका पुढे झाला. त्याने साहेबांना खुर्ची दिली, जवाचा गार चहा दिला आणि उकाड्याबद्दल बोलायला लागला. पेला रिकामा झाला तेव्हा न विचारता पुन्हा भरला. त्याच्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. ती फार लांबली.

चार वाजून सात मिनिटांनी बाबांनी चिमटा खाली ठेवला. त्सुरुमीने आणि मी सरांचं चित्र नळीवर चढवलं, रंग बाहेर. दहा भेंडोळी पेटीत गेली. अकराव्याची जागा मी चिंध्यांनी भरली, म्हणजे बाकीची हलणार नाहीत.

बाबा झाकण लावायला गेले तसं सरांनी ते धरलं.

"नाव लिहा."

"चित्रं अकरा होती," बाबा म्हणाले.

"मग दहा लिहा."

त्सुरुमीने खिशातून स्वतःचं पेन काढून दिलं. खरवडलेल्या जागेवर शाई फुटत होती, तरी बाबांनी लिहिलं, "दहा चित्रं, रंगाची बाजू बाहेर. यासाबुरो निशिवाकी." साहेबांनी सील लावलं. संध्याकाळच्या गाडीत माझं भेंडोळं माझ्या मांडीवर आडवं होतं आणि बाबांनी त्याचं दुसरं टोक धरलं होतं.

सोमवारी मी सुएकोला सांगितलं की चित्र बाहेर ठेवून गुंडाळायचं. तिने ते ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून तिला पटलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये तुरिनहून बाझ्झानीचं पत्र आणि एक फोटो आला. दहाही चित्रं सुखरूप पोचली होती. यादी मात्र आधीच छापून झाली होती. अकराव्या जागी माझं नाव होतं आणि फोटोत त्या ठिकाणी कोरी भिंत. बाझ्झानीने तिथे दुसरं काही लावलं नव्हतं. त्सुरुमीने वाचून दाखवलं की लोक विचारतात, ते चित्र कुठे आहे. सरांनी उत्तर लिहवून घेतलं की ते अजून उघडायचं काम चालू आहे.

ते खरंच चालू होतं. जूनपासून माझं चित्र बाबांच्या ओट्यावर पडलं होतं. दाराची कामं झाली की ते रोज ब्रश ओला करत, थांबत, आणि एकदोन बोटं कागद सोडवत. कधी सगळा दिवस एकाच वाळूच्या कणाभोवती जाई. मी शाळेतून येऊन शेजारी बसत असे. ते मला विचारत की इथे मुळात लाल होतं की तपकिरी, आणि मी सांगे. तोवर त्यांनी माझ्या एकाही चित्राबद्दल काही विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी ते पुरं उघडलं. मधोमध भेगा होत्या, एका कोपऱ्यात रंग गेला होता, आणि खाली तळहाताएवढा कागद तसाच राहिला होता. बाबा म्हणाले, तो काढला तर खालची वाळूही निघून येईल, राहू दे. सर येऊन पाहून गेले. बराच वेळ उभे होते, आणि "पाहिलंय" न म्हणता चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "गुंडाळू आता?"

मी हो म्हटलं. त्यांनी जाड नळी घेतली, चित्राची कड उचलली आणि पंचेचाळीस वर्षांच्या सवयीने ती आत वळवली. बोटभर वळली असेल. मग ते थांबले, कड खाली ठेवली, मला दुसऱ्या बाजूने धरायला सांगितलं, आणि आम्ही दोघांनी मिळून चित्र पालथं केलं.